शिसपेन्सिलीत नाही, मग रक्तात कुठून?

तिसरीत असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या तळहातात पेन्सिलीचं टोक घुसलं. नुकतंच टोक काढलेलं, चांगलं अणकुचीदार. टोक मोडलं आणि एक काळा ठिपका कातडीखाली तसाच राहिला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "अरे बापरे, आता शिसं रक्तात जाणार!" झालं! तो बिचारा रडायला लागला आणि त्याच्याकडे बघून मीही. बाईंनी हात धुवून औषध लावलं, पण आम्हा दोघांना रात्री झोप लागली नाही. शिसं रक्तात गेलं की काय होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. काहीतरी भयंकर होतं, एवढं मात्र नक्की वाटत होतं.

तुमच्याही वर्गात असं कुणी म्हणालं असेल तर आधी एक सांगते. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. अजिबात नसतं, आणि कधीच नव्हतं. आत असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाचा आणि हिऱ्याचा भाऊबंद. त्यात थोडी चिकणमाती मिसळून कांडी भाजलेली असते. साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या बॉरोडेल खोऱ्यात काळं, मऊ, कागदावर रेघ उमटवणारं एक खनिज सापडलं. लोकांना वाटलं, हे शिशाचंच एखादं रूप असणार. मग नावही तसंच पडलं. १७७९ साली शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हा कार्बन आहे असं दाखवून दिलं, तोवर नाव पक्कं चिकटलं होतं. ते फिरत फिरत आपल्या दप्तरापर्यंत पोचलं.

म्हणजे मागच्या बाकावरचा मुलगा चुकला होता. पण पूर्ण चुकला नव्हता. शिसं रक्तात जाऊ नये, हे त्याचं अगदी खरं होतं. आणि गंमत बघा, त्या काळात ते आमच्या सगळ्यांच्याच रक्तात जात होतं. पेन्सिलीतून नाही. शाळेत येताना ज्या रस्त्याने आम्ही चालत यायचो, त्या रस्त्यावरच्या धुरातून.

ही गोष्ट पुढे सांगते. आधी हे शिसं किती असतं ते बघू, कारण त्याचा आकडा ऐकून मी स्वतः कितीतरी वेळ गप्प बसले होते.

तुमचं वजन समजा ३० किलो आहे. तर तुमच्या अंगात साधारण २ लिटर रक्त असतं, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरतील एवढं. रक्तातलं शिसं मोजतात ते मायक्रोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. अमेरिकेत २०२१ पासून असं ठरलं आहे की लहान मुलाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं सापडलं, तर लक्ष घालायचं आणि ते कुठून आलं हे शोधायचं. आता वही घ्या. २ लिटरमध्ये १०० मिलिलिटर किती वेळा? २० वेळा. ३.५ गुणिले २०? ७०. म्हणजे तुमच्या सगळ्या रक्तात मिळून ७० मायक्रोग्रॅम.

आता स्वयंपाकघरात जा आणि बारीक मिठाचा एक कण, एकच, बोटावर घ्या. त्याचं वजन साधारण तेवढंच भरतं.

मिठाचा एक कण! दोन लिटर रक्तात विरघळलेला. आणि तेवढ्यानेही डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते. का बरं?

कारण शिसं बहुरूपी आहे. आपल्या आतड्याच्या भिंतीत छोटी छोटी दारं असतात. अन्नातलं काय आत घ्यायचं आणि काय बाहेर टाकायचं, हे तिथे ठरतं. दूध, नाचणी, तीळ यांतलं कॅल्शियम आलं की दार उघडतं, कारण हाडांना ते हवंच असतं. शिशाचा कण पाण्यात विरघळला की त्याच्यावरचा विजेचा भार कॅल्शियमसारखाच असतो. दाराला वाटतं, कॅल्शियमच आलं. या, बसा! लहान मुलांची तर हाडं वाढत असतात, त्यामुळे त्यांची दारं कॅल्शियमसाठी सताड उघडी असतात. म्हणून त्याच अन्नातून मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं शिसं जाईल, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगात जातं. जे तुमच्या वाढीसाठी केलेलं आहे, त्याच दारातून हा पाहुणा आत येतो.

आत आल्यावर तो काय करतो? रक्ताचा लाल रंग ज्यातून येतो ते हीम बनवण्याचं काम हाडांतल्या मगजात चालतं. त्या कामावर एक कारागीर आहे, आणि त्याच्या हातात जस्ताचं हत्यार असतं. शिसं ते जस्त ढकलून देतं आणि स्वतः तिथे बसतं. हत्यार गेलं, काम थांबलं. हीम कमी तयार होतं, माणूस फिकट दिसायला लागतो, लवकर दमतो. खूप शिसं गेलेल्या माणसाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काही तांबड्या पेशींवर निळे ठिपके दिसतात. जणू कुणी शाईचं पेन झटकलं आहे! पेशी तयार होताना आतला जो पसारा आवरायचा असतो, तो शिशामुळे आवरला जात नाही. त्याचे हे ठिपके.

पण ठिपके फार नंतर दिसतात. त्याच्या कितीतरी आधी, काहीही दुखत-खुपत नसताना, शिसं मेंदूत पोचलेलं असतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हाही कॅल्शियम लागतं, आणि तिथेही शिसं कॅल्शियमच्या वेषात मध्ये घुसतं. लक्ष लागत नाही, वाचलेलं आठवत नाही, चटकन राग येतो. घरच्यांना वाटतं, पोराचं अभ्यासात मन नाही. या मुलांना उगाच बोलणी बसतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट.

तुम्ही घरात कुणाचा तरी रक्ततपासणीचा रिपोर्ट पाहिला असेल. एका रकान्यात तुमचा आकडा आणि शेजारच्या रकान्यात "नॉर्मल" आकडा. तुमचा त्यात बसला की सगळे निःश्वास सोडतात. पण शेजारचा तो आकडा कुणी ठरवला? शिशाच्या बाबतीत अमेरिकेत १९६० च्या सुमारास तो आकडा ६० होता. १०० मिलिलिटरमध्ये ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं असलं तरी चालेल, असं डॉक्टर मानत. मग तो ४० झाला, मग ३०, २५, १०, ५ आणि आता ३.५. मुलांची शरीरं काही बदलली नाहीत. बदलला तो आकडा. आणि तो बदलण्यात ज्या माणसाचा मोठा वाटा होता, तो डॉक्टर नव्हताच. तो पृथ्वीचं वय मोजायला निघाला होता!

त्याचं नाव क्लेअर पॅटरसन. जन्म १९२२, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. शिकागोला शिकत असताना त्याला एक काम मिळालं: दगडातलं शिसं मोजायचं. युरेनियम हा धातू फार फार हळू बदलत जातो आणि शेवटी त्याचं शिसं होतं. म्हणजे दगडात शिसं किती साठलं हे कळलं की तो दगड किती जुना हे कळेल. वाळूच्या घड्याळासारखंच की! खाली किती वाळू जमली ते मोजायचं.

सोपं वाटतं ना? पण पॅटरसनचे आकडे काही केल्या जुळेनात. दगडात असायला हवं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं निघायचं, आणि दर वेळी वेगळं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर यंत्र बिघडलं म्हणून मोकळा झाला असता. पॅटरसन शोधत बसला. भांडी पाहिली, पाणी पाहिलं, रसायनं पाहिली, भिंतीवरचा रंग, खोलीतली धूळ, स्वतःचे कपडे, स्वतःचे केस. आणि जिकडे हात लावावा तिकडे शिसं! त्याच्या दगडात बाहेरचंच शिसं पडत होतं.

मग त्याने कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत जवळजवळ वेड्यासारखी स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली. आत येणारी हवा गाळून घ्यायची, भांडी आम्लात पुन्हा पुन्हा धुवायची, फरशी पुसत राहायची. अशी खोली जगात फार थोड्यांनी पाहिली असेल त्या काळात. आणि मग ॲरिझोनात कोसळलेल्या एका उल्केच्या तुकड्यातलं शिसं मोजून त्याने पृथ्वीचं वय काढलं. ४५५ कोटी वर्षं. त्याने ते १९५६ साली छापलं. आज तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात जवळपास हाच आकडा आहे.

एवढं केलं असतं तरी त्याचं नाव राहिलं असतं. पण त्याच्या डोक्यातून ती धूळ जाईना. एवढं शिसं आलं कुठून?

त्याने समुद्राचं पाणी तपासलं. वरच्या पाण्यात शिसं जास्त, खोल पाण्यात कमी. म्हणजे ते वरून, अलीकडेच पडत होतं. मग ग्रीनलँडच्या बर्फाची पाळी आली. तिथे दर वर्षीचा बर्फ आधीच्या बर्फावर बसतो, त्यामुळे खाली खाली खणत गेलं की जुन्या जुन्या काळात जाता येतं, आजीच्या पेटीत तळाशी तिच्या लग्नातला शालू सापडावा तसं. तिथे त्याला दिसलं की अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या बर्फापेक्षा १९६० च्या दशकातल्या बर्फात सुमारे २०० पट शिसं आहे. आणि त्यातली सगळ्यात मोठी उडी अगदी अलीकडची, मोटारगाड्यांच्या काळातली.

मोटारींचा इथे काय संबंध? १९२१ साली असा शोध लागला होता की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थोडंसं मिसळलं की इंजिनाची खटखट थांबते. झालं, जगभर ते मिसळायला सुरुवात झाली. इंजिन गप्प झालं आणि शिसं धुराच्या नळीतून हवेत, हवेतून रस्त्याकडेच्या मातीत, मातीतून मुलांच्या हाताला आणि हातातून तोंडात.

१९६५ मध्ये पॅटरसनने एक निबंध छापला. त्यात तो म्हणाला की आजच्या माणसाच्या अंगात निसर्गतः असायला हवं त्याच्या साधारण १०० पट शिसं आहे. डॉक्टर ज्याला नॉर्मल म्हणत होते, ते फक्त सगळ्यांकडे सापडत होतं म्हणून नॉर्मल होतं. विचार करा, वर्गातल्या सगळ्या मुलांना ताप असेल आणि बाईंनी सगळ्यांचा ताप मोजून सरासरी काढली, तर त्या सरासरीला निरोगी माणसाचं तापमान म्हणायचं का? पॅटरसनचा प्रश्न एवढाच होता. मला तो विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर प्रश्नांपैकी एक वाटतो.

पेट्रोलमध्ये शिसं घालून पैसा मिळवणाऱ्यांना तो अर्थातच सुंदर वाटला नाही. पॅटरसनला मिळणारं काही काम बंद झालं. १९७१ साली हवेतल्या शिशावर विचार करायला अमेरिकेत तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिच्यात शिसं इतकं अचूक मोजणाऱ्या या माणसालाच घेतलं नाही. तो मोजत राहिला. पेरूमधल्या जुन्या माणसांची हाडं मोजली. समुद्रातला ताजा ट्यूना मासा आणि शिशाने डाग दिलेल्या डब्यातला ट्यूना मासा मोजला. डब्यातल्या माशात हजारो पट शिसं निघालं.

अमेरिकेत १९७० च्या दशकात पेट्रोलमधलं शिसं कमी करायला सुरुवात झाली. आणि मग जे झालं ते वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. १९७६ ते १९८० या चार वर्षांत अमेरिकन लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलं. कुणाला गोळी दिली नाही, सुई टोचली नाही. पेट्रोल बदललं आणि रक्त बदललं! आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथे बिनशिशाचं पेट्रोल यायला लागलं आणि २००० च्या फेब्रुवारीपासून सगळ्या देशात. पंपावर तेव्हा "अनलेडेड" अशी पाटी असायची, तुमच्या आईबाबांना विचारून पाहा. जगात सगळ्यात शेवटी २०२१ च्या जुलैत अल्जीरियाने गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं थांबवलं. पॅटरसन तोपर्यंत नव्हता. तो १९९५ च्या डिसेंबरात गेला.

मग संपलं का शिसं? नाही ना. युनिसेफने २०२० साली सांगितलं की जगातल्या दर तीन मुलांपैकी साधारण एकाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. धूर गेला, पण इतर वाटा उघड्या आहेत. गल्लीबोळात उघड्यावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात, ती एक. जुन्या भिंतीचे निघालेले पोपडे, ही दुसरी. आपल्या देशात घरांना लावायच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं नसावं असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण त्याआधी रंगवलेली दारं-खिडक्या अजून जागच्या जागी आहेत. शिशाची काही संयुगं चवीला चक्क गोड असतात, त्यामुळे बाळं पोपडे चघळतात. काही सुरम्यांत शिशाचं खनिज असतं. पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ती कथलाची. त्या कथलात कुणी स्वस्त शिसं मिसळलं तर ते आमटीत उतरतं. आणि मारुतीला लावतात तो अस्सल जुना शेंदूर म्हणजे शिसं आणि ऑक्सिजन यांचं केशरी-लाल संयुग. शेंदूर देवाला शोभतो. आपण मात्र नमस्कार करून आल्यावर, प्रसाद तोंडात टाकण्याआधी, हात साबणाने धुवायचे.

एक वाट मात्र थेट आपल्या मिसळणाच्या डब्यात येते. बांगलादेशात गावाकडच्या बऱ्याच गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. तिथे ना कारखाना, ना गाड्यांची गर्दी. मग कुठून? संशोधकांनी जवळजवळ पॅटरसनचीच युक्ती वापरली. शिशाचे अणू सगळे सारखे नसतात, काही थोडे हलके, काही थोडे जड. कुठल्या खाणीतलं शिसं आहे त्याप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं, बोटांच्या ठशासारखं. बायकांच्या रक्तातल्या शिशाचा ठसा घेतला, मातीशी ताडून पाहिला, भांड्यांशी ताडून पाहिला, आणि जुळला तो हळदीशी! हळकुंडं छान पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना झळाळी देताना काही जण लेड क्रोमेट नावाचा शिशाचा पिवळा रंग चोळत होते. हे २०१९ मध्ये उघड झालं. सरकारने बाजारात जाऊन तपासण्या केल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. २०१९ साली तपासलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसं होतं. २०२१ साली एकाही नमुन्यात नव्हतं. हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही उतरलं.

रक्तात शिसं फार वाढलेलं असेल तर डॉक्टरांकडे त्यावर औषध आहे. त्या औषधाचा रेणू शिशाच्या अणूला खेकड्याच्या नांगीसारखा दोन्हीकडून पकडतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो. त्या उपचाराच्या इंग्रजी नावातही खेकड्याच्या नांगीसाठी असलेला ग्रीक शब्द लपला आहे. पण मेंदूत जे नुकसान आधी होऊन गेलं, ते नांगीला उचलून नेता येत नाही. शिवाय रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होत असलं, तरी बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे कैक वर्षं राहतं. म्हणून ते येतं कुठून हे शोधणं महत्त्वाचं. अंगात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की आतड्यातली ती दारं शिशासाठी इतकी आतुर राहत नाहीत, तेव्हा ताटातली नाचणीची भाकरी आणि पालेभाजी टाकू नका.

हो, आणि पेन्सिलीची मागची बाजू चावायची सवय असेल तर ती सोडाच. आतलं ग्रॅफाइट निरुपद्रवी, पण पूर्वीच्या काही पेन्सिलींच्या बाहेरच्या चकचकीत रंगात शिसं असायचं. आम्ही दोघं तिसरीत नको त्या टोकाला घाबरलो होतो!

आता एक काम तुम्हाला. या वर्षी घरात अख्खी हळकुंडं आली की दळायला देण्याआधी आजीला विचारून एक हळकुंड मागून घ्या. काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या आणि ते त्यात हलकेच सोडा. हलवू नका, नुसतं बघत बसा. चांगल्या हळकुंडाचा रंग पाण्यात लगेच उतरत नाही. उतरला, पाणी बघता बघता पिवळं झालं, तर ती हळद डब्यात जाऊ देऊ नका. पेला तसाच उचलून घरातल्या मोठ्यांना दाखवा, हात धुवा आणि ती पिशवी कुठल्या दुकानातून आली ते वहीत लिहून ठेवा.